भंडारदऱ्याची फेरी दिवसाउजेडी मारा

काजवे पाहायला मुंबई, पुणे, नाशिक आणि कुठून कुठून भंडारदऱ्याला येणाऱ्या सर्व मंडळींना धरणकाठच्या गावकऱ्यांचे जाहीर आवाहन

मे सरत आला, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की घोटी-बारीकडून आणि राजूरकडून गाड्यांची रांग शेंडीत येऊन थडकते. या, जरूर या. पर्यटकांवर इथल्या कितीतरी घरांची चूल पेटते. ‘येऊ नका’ असं म्हणणारे आम्ही कोण? विनंती एवढीच, की धरणाला वळसा घालणारी गाडीची फेरी दिवसाउजेडी उरकून घ्या आणि अंधार पडला की गाडी मुक्कामाच्या जागी उभी करून चावी खिशात ठेवा.

फेरी तशी लहानच. शेंडीहून निघून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे करत पुन्हा शेंडी, चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. पण निवांत थांबत गेलात तर अर्धा दिवस सहज जातो, आणि तो जायलाच हवा. प्रवरेवरचं हे विल्सन धरण बांधायला १९१० साली सुरुवात झाली आणि १९२६ साली ते पुरं झालं. साहेबाने जलाशयाला आर्थर हिलचं नाव दिलं होतं. आता सरकारदप्तरी ते आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांच्या नावाने आहे. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचा हा महादेव कोळी वीर. १८४८ साली इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. अकरा टीएमसी पाणी इथे साठतं आणि खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडचा ऊस त्यावर पोसला जातो. पाणी साठतं आमच्या दारात, भिजतं दुसऱ्याचं रान. पण ते दुखणं आज इथे उगाळत नाही.

मुरशेत-पांजऱ्याच्या बाजूने जाताना उजव्या हाताला कळसूबाईची रांग सोबतीला असते आणि डावीकडे पाणी झाडांआडून लपतछपत दिसतं. घाटघरला मात्र रस्त्याच्या कडेने बघून पुढे जाऊ नका. कोकणकड्यापर्यंत चालत जा. खाली एकदम कोकण उघडतं, आणि पायथ्याशी चोंढ्याच्या अंगाला वीजप्रकल्पाचं खालचं तळं दिसतं. विजेची मागणी कमी असते तेव्हा तिथलं पाणी पंपाने वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज काढायची, अशी ही २५० मेगावॅटची करामत. साम्रदला सांदण दरी वरूनच बघा. वळीव कुठे डोंगरावर पडतो आणि त्याचा लोंढा त्या चिंचोळ्या घळीत कधी शिरतो, ते खाली उतरलेल्याला कळत नाही. रतनवाडीला अमृतेश्वराचं हेमाडपंती मंदिर आणि त्याची पुष्करणी आहे, मागे प्रवरेचा उगम पोटात घेऊन बसलेला रतनगड. रात्री नऊ वाजता याच रस्त्यावर काय दिसतं? पुढच्या गाडीचा लाल दिवा.

आणि त्या दिव्यांमुळेच काजवेही दिसेनासे होतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर ही काजव्यांची आवडती झाडं. एखाद्या सादड्याखाली दहा मिनिटं गप्प उभे राहा. आधी इथे एक, तिथे एक. डोळे सरावले की सगळं झाड एकदम पेटतं, एकदम विझतं, आणि ती लाट शेजारच्या झाडावर जाते. हा सगळा खटाटोप नर मादीला बोलावण्यासाठी करतो. कित्येक जातींच्या माद्या खाली गवता-झुडपांत बसून त्या खुणेची वाट पाहतात. मधेच गाडीचा प्रखर झोत झाडावर पडला की लुकलुक थांबते. नर-मादीची गाठ पडली नाही, तर अंडी कुठून आणि पुढच्या साली काजवे कुठून? प्रौढ काजव्याच्या हाती जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. त्याआधीचा बराच काळ तो अळीच्या रूपात मातीत, पाल्याखाली गोगलगायी खाऊन काढतो. म्हणून फोटोसाठी झाडाच्या बुडाशी घुसू नका. पायाखाली तोच असतो. मोबाईलचा फ्लॅश बंद, बॅटरी लागलीच तर लाल जिलेटीन लावून जमिनीकडे धरलेली, आणि काचेच्या बाटलीत काजवे भरून पोरांना दाखवणं तर नकोच नको. हे अभयारण्य आहे. नाक्यावर वनखात्याने सांगितलेली वेळ पाळा, त्यावरून तिथल्या पोरांशी हुज्जत घालू नका.

आता गाडी लावण्याविषयी. रस्त्यालगत मोकळी, तांबडी, भाजून काळपटलेली जमीन दिसली की पाहुणे चाक आत घालतात. तो राब असतो. पाला, शेणकूट, कवळं रचून भाजून घेतलेला. त्यात पावसाआधीच भाताचं बी फेकलेलं असतं आणि आमचं वर्षाचं रोप तिथेच उगवायचं असतं. गाडीच्या वजनाने माती दाबली गेली की बी वर येत नाही, आणि तेव्हा दुसरं बी टाकायला वेळ उरलेला नसतो. बांध फोडून गाडी वळवणारेही पाहिले आहेत. जागा हवी असेल तर घरात विचारा. अंगण कुणी नाकारत नाही, भाकरीही मिळेल.

रस्ता अरुंद आहे. समोरासमोर आलेल्या दोन गाड्यांतली एक साइडपट्टीवर उतरल्याशिवाय दुसरी निघत नाही, आणि शनिवारच्या रात्री तर सगळ्याच अडकतात. त्यात बाळंतीण असते, साप चावलेला माणूस असतो, त्याला राजूरचं रुग्णालय गाठायचं असतं. जमलं तर मधल्या वारी या. मागून जीप घाईने आली तर हॉर्नवर चिडू नका, वाट द्या.

शेवटी आपल्याच तंबूवाल्या, हॉटेलवाल्या भावांना. तुमच्या दारी आलेल्या माणसाला रात्री ‘फेरी मारून आणतो’ असं सांगू नका. चालत नेऊन जवळचं एक चांगलं झाड दाखवा. डीजे बंद ठेवा, तंबूवरच्या दिव्यांच्या माळा काढून टाका, आणि सकाळी पाण्याच्या काठावरच्या बाटल्या आपल्या गिऱ्हाइकाच्या नसल्या तरी उचला.

कळावे,
भंडारदरा धरणकाठचे गावकरी