बत्तीसशे फुटांची सूट

नागऱ्यात घर बांधायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "काही लागत नाही भाऊ, बत्तीसशे फुटांपर्यंत सूट हाय." मिस्त्री ते ठेकेदाराकडून ऐकतो, घरमालक मिस्त्रीकडून. पायव्याचे खड्डे खणून झाल्यावर कधीतरी ही बातमी ग्रामपंचायतीत पोचते. वाक्य खोटं नाही. अर्धं आहे. लोक अडकतात ते न ऐकलेल्या अर्ध्यात.

मूळ गोष्ट २०२१ ची. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली होती. दोन खोल्यांच्या घरासाठी खेड्यातल्या माणसाने नगररचना कार्यालयाचे उंबरठे झिजवायचे का, हा प्रश्न रास्तच होता. तेव्हाचे ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ यांनी सवलत जाहीर केली. भूखंड १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण १६०० चौरस फूट असेल, तर मालकीचे कागद, नकाशे आणि ते नियमात बसत असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, शुल्क भरायचं आणि काम सुरू करायचं. त्यापुढे ३०० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे त्या बत्तीसशे फुटांपर्यंत, पंचायत शुल्काचा आकडा कळवते, तो भरल्यावर प्रारंभ प्रमाणपत्र देते. थोडक्यात, सुटली ती नगररचनाकाराची छाननी. कागद सुटले नाहीत, अभियंता सुटला नाही, पंचायतही सुटली नाही. आणि हे फूट भूखंडाचे आहेत, स्लॅबचे नाहीत. मोठ्या भूखंडावर छोटं घर बांधून 'मी सुटीत बसतो' म्हणणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

त्याहून मोठी गफलत जमिनीची. नागरा गोंदियाला खेटून असलेलं गाव. शहर वाढलं तशा धानाच्या बांध्यांवर चुन्याच्या रेघा पडू लागल्या, ले-आऊटच्या पाट्या लागल्या. पाटीवर 'प्लॉट' लिहिलं म्हणून सातबारावरची शेती अकृषक होत नाही, आणि १९४७ पासूनचा तुकडेबंदीचा कायदा पाटी वाचून मागे सरत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीसाठी महसूल कायद्यात वेगळी तरतूद झाली. प्रादेशिक योजनेत ती जागा वापराला योग्य असेल तर रूपांतरण कर आणि आकारणी भरून अकृषक होण्याचा मार्ग पुष्कळ सोपा झाला. पण अकृषक होणं वेगळं आणि बांधकामाची मंजुरी वेगळी. दोन्ही एकाच फायलीत मिळतात असा समज असलेले सुशिक्षित लोकही मला भेटले आहेत.

गावठाणातल्या घरांचं दुखणं आणखी निराळं. तिथे पिढ्यान्‌पिढ्या 'नमुना ८' दाखवून काम भागलं. तो कर आकारणीचा उतारा. घरटॅक्सची पावती मालकी सिद्ध करत नाही, आणि विनापरवाना भिंतीवर कर बसला म्हणून ती भिंत अधिकृत ठरत नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून आखीव पत्रिका देण्याचं काम याच कारणासाठी हाती घेतलं गेलं. बँकेत कर्ज मागायला गेलं की पहिला प्रश्न तिचा, दुसरा 'नकाशा पास आहे का?'

दिलासा आहे तो दुरुस्तीत. कवेलू फेरणं, गिलावा, फरशी, आतला रंग, मोडकं दार बदलणं यांसाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. मात्र कवेलू उतरवून त्याच जुन्या भिंतींवर स्लॅब टाकला, की कायद्याच्या लेखी ते नवं बांधकाम. आपल्याकडे सर्वाधिक घडतं ते नेमकं हेच. मातीच्या भिंतीला स्लॅबचं ओझं पेलेल का, हे पाहायला अभियंता हवाच. इथे मी पूर्णपणे नियमाच्या बाजूने आहे.

देवळाशेजारी राहणाऱ्यांसाठी एक जादा गोष्ट. नागऱ्याचं जुनं शिवमंदिर सगळ्यांना ठाऊक आहे. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवं बांधकामच करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये वेगळी परवानगी लागते. तेव्हा कुठल्याही पुरातन देवळाजवळ जागा घेण्यापूर्वी ते कोणत्या यादीत आहे हे पाहिलेलं बरं. रस्त्यालगतच्या जागेलाही अशीच अट आहे. राष्ट्रीय महामार्ग असेल तर मध्यरेषेपासून ४० मीटरपर्यंत इमारतच उभी राहू शकत नाही.

आता धंदेवाले. घराच्या पुढच्या खोलीला शटर बसवलं, वीट एकही वाढली नाही, मग परवानगी कसली? नगररचना अधिनियमात १९६६ पासून 'विकास' या शब्दात वापरातला बदलही धरलेला आहे. मेरठच्या शास्त्रीनगरात राहण्यासाठी दिलेल्या भूखंडावर दुकानं उभी राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १७ डिसेंबर २०२४ ला न्यायालयाने पाडकामाचा आदेश कायम ठेवला, आणि जाता जाता देशभरासाठी बजावलं की अनधिकृत इमारतीत धंद्याचा परवाना देऊ नये, पूर्णत्वाचा दाखला पाहिल्याशिवाय वीज-पाण्याची जोडणी देऊ नये. हे जिल्ह्यांपर्यंत खरोखर झिरपलं, तर आपल्या चौकाचौकांतली निम्मी शटरं विचारात पडतील.

लॉन, लॉज, खानावळ यांचा प्रश्न शुल्काच्या पलीकडचा. २१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे गोंदियातल्या एका हॉटेलला आग लागून सात जण गेले. आगप्रतिबंधाचा राज्याचा कायदा २००६ चा. ज्या इमारतींना तो लागू आहे, तिथली यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. राईस मिल टाकणाऱ्याला तर पाया घालण्याआधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना संमती घ्यावी लागते. मशिनरी येऊन पडल्यावर नाही.

लोकांनाच दोष देऊन मोकळं होणं मात्र सोपं आहे. नगररचना अधिनियमाखालच्या अर्जावर ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर नियमात बसणारा नकाशा मंजूर झाला असं धरता येतं, हे अर्जदाराला कोण सांगतं? तारखेची शिक्क्यासह पोच घ्यावी, हे तरी? गावागावांत पंचायतीच्या भिंतींवर स्वच्छतेच्या आणि पाणी वाचवण्याच्या घोषणा रंगवलेल्या असतात. त्यातली एखादी भिंत रिकामी करून तिथे गावठाणाची हद्द, त्याभोवतीची २०० मीटरची रेघ आणि शुल्काचे दर रंगवायला नागऱ्याच्या पंचायतीने यंदाच्या दिवाळीपर्यंतचा वेळ घ्यावा. पाऊस सरला की बांधकामं सुरू होतात.