स्वमग्न मुलाचे प्रमाणपत्र आणि चुकीची मोजपट्टी

दिव्यांग प्रमाणपत्राच्या बाबतीत चाळीस या आकड्याला आपल्याकडे सातबाऱ्याइतके महत्त्व आले आहे. मुलाला आजार कोणता, त्याला काय जमते, काय जमत नाही हे कोणी विचारत नाही. शाळेत विचारतात, तहसील कचेरीत विचारतात, एस.टी.च्या खिडकीवर विचारतात ते एवढेच, की टक्के किती?

यात कायद्याचाही भाग आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. नव्या कायद्यात ते एकवीस झाले आणि स्वमग्नतेला, म्हणजे ऑटिझमला, प्रथमच स्वतंत्र जागा मिळाली. मात्र बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क, उच्च शिक्षणातील ५ टक्के व सरकारी नोकरीतील ४ टक्के राखीव जागा, एस.टी.चे सवलतीचे तिकीट, सगळे या रेषेच्या पलीकडे. एकोणचाळीस टक्केवाल्याच्या हाती प्रमाणपत्र असते, पण त्याचा उपयोग फारसा नसतो.

आमच्या भोसरी-मोशी-चाकण भागात असे कागद घेऊन येणारे पालक आता वरचेवर भेटतात. मागच्या वर्षी एक बाई आल्या. नवरा चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, मुलगा अकरा वर्षांचा. मुलगा टीव्हीवरच्या जाहिराती अक्षरशः पाठ म्हणतो, पण तहान लागली हे सांगता येत नाही. मिक्सर सुरू झाला की कान झाकून पलंगाखाली जातो. स्वमग्नतेचे निदान तो पाच वर्षांचा असतानाच झालेले. एका मोठ्या सरकारी रुग्णालयात तीन खेपा घातल्यावर प्रमाणपत्र मिळाले, त्यावर आकडा होता २५. त्यांनी मला विचारले, "डॉक्टर, पंचवीसचे चाळीस करून मिळतील का हो? कोणाची ओळख लागते का?"

मी म्हटले, "ताई, आकडा राहू द्या. आजार कोणता लिहिलाय ते आधी वाचू."

लिहिले होते 'सीमारेषेवरील बुद्धिमत्ता'. स्वमग्नता हा शब्द संपूर्ण कागदावर कोठेच नव्हता.

माझ्या मते या विषयाचे सगळे सार इथे आहे. सरकारी तक्त्यात २५ टक्के हा आकडा बौद्धिक अक्षमतेचा आहे. मुलाची बुद्धिमत्ता सर्वसाधारणापेक्षा थोडी कमी भरली की तो पडतो. म्हणजे त्या मुलाची बुद्धी मोजली गेली. स्वमग्नता मोजलीच गेली नाही. या दोन गोष्टी एकत्र असू शकतात, पण त्या एक नाहीत. उत्तम गणित करणारा मुलगा रस्ता ओलांडू शकत नाही, शिक्षकांना पोट दुखते हे सांगू शकत नाही, असे होऊ शकते. तापाच्या रोग्याचे वजन करून ताप नाही असे सांगण्यासारखाच हा प्रकार झाला.

स्वमग्नतेसाठी आपल्या देशात वेगळी मोजपट्टी आहे. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्थेने ती तयार केली. तिला 'इसा' म्हणतात. केंद्र सरकारने २०१६ साली प्रमाणपत्रासाठी तीच ठरवून दिली. तिच्यात चाळीस बाबी आहेत. इतरांशी संबंध, भावना, बोलणे, वागण्यातील तोचतोचपणा, आवाज-स्पर्श सहन होणे न होणे, आकलन अशा सहा गटांत त्या विभागल्या आहेत. प्रत्येक बाबीला एक ते पाच गुण, म्हणजे कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त २००. सत्तरच्या खाली असेल तर स्वमग्नता नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. इसाच्या पुस्तिकेतील तक्त्यात ७० गुणांनाच ४० टक्के दिले आहेत आणि तेथून आकडा वर चढतो. पंचवीस हा आकडा त्या तक्त्यात नाहीच! तेव्हा स्वमग्न मुलाच्या प्रमाणपत्रावर असा आकडा दिसला, की तपासणी कोणत्या पट्टीने झाली हा प्रश्न पहिला विचारला पाहिजे.

असे का होते? एक तर जुनी सवय. १९९५ च्या कायद्यात स्वमग्नता नव्हती, म्हणून त्या काळातील मुलांना 'मतिमंद' या रकान्यात बसवावे लागे. ती मुले आज तिशीत आहेत आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या कागदावर अजून तेच आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली खरी, पण रकान्याची सवय लवकर जात नाही. दुसरे कारण गर्दी. प्रमाणपत्राच्या दिवशी रांगेत चालता न येणारे, ऐकू न येणारे, डायलिसिसवरून आलेले, सगळेच असतात. पाय किती वाकतो हे दोन मिनिटांत दिसते. स्वमग्नता दोन मिनिटांत दिसत नाही. त्यात हा मुलगा अनोळखी खोलीत भेदरून गप्प बसतो आणि गप्प मूल म्हणजे शहाणे मूल!

तिसरे कारण मात्र आपल्या घरात आहे, आणि ते मला आयाबहिणींना स्पष्ट सांगायचे आहे. मंडळापुढे आई मुलाची बाजू सावरून घेते. डॉक्टरांनी विचारले, "जेवतो का हाताने?" की आई म्हणते, "हो, जेवतो की." घास तिने मोडून द्यावा लागतो, भात आणि वरण ताटात एकमेकांना लागले तर ताट फेकले जाते, हे ती सांगत नाही. चारचौघांत पोराचे उणे काढायचे कसे? सासरी, शेजारी, शाळेत तिने वर्षानुवर्षे पोराची बाजू घेतलेली असते, ती सवय तपासणीच्या खोलीतही सुटत नाही. तिथे मात्र हेच पोराच्या मुळावर येते. इसाचे गुण ही गोष्ट किती वेळा घडते यावर ठरतात. क्वचित घडली तर एक, जवळजवळ नेहमी घडली तर पाच. म्हणून 'हट्टी आहे' या शब्दाचा तिथे उपयोग नाही. 'शाळेचा रस्ता बदलला तर दर वेळी अर्धा तास रस्त्यात बसून राहतो' या वाक्याचा आहे. पंधरा दिवस एका वहीत रोज चार ओळी लिहा. वर्गशिक्षकांकडून, वाचा-उपचार करणाऱ्यांकडून एकेक पानाचे पत्र घ्या. मोबाइल आता घरोघरी आहे, घरातले दोन-तीन प्रसंग त्यात टिपून ठेवा.

आता दाद मागण्याविषयी. प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याने एक तर प्रमाणपत्र दिले पाहिजे, नाही तर नमूद प्रकारचे दिव्यांगत्व नाही असे लेखी कळवले पाहिजे, असे कायद्याचे कलम ५८ सांगते. तोंडी 'बसत नाही' ऐकून परत फिरू नये. निर्णय मान्य नसेल तर कलम ५९ प्रमाणे अपील करता येते. त्याची मुदत, रीत आणि अपील ऐकणारा अधिकारी राज्य सरकार ठरवते. तेव्हा हे अपील कोणाकडे आणि किती दिवसांत करायचे, हे ज्या रुग्णालयाने कागद दिला तिथेच लेखी अर्ज करून विचारावे आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्जात टक्के वाढवून मागू नका. 'स्वमग्नतेची तपासणी इसाप्रमाणे झालेली नाही, ती व्हावी, आणि गुणपत्रकाची प्रत मिळावी' एवढेच लिहा. टक्के मागणारा याचक ठरतो. योग्य तपासणी मागणाऱ्याला नाही म्हणणे अवघड जाते.

त्या बाईंनी तसाच अर्ज दिला. सात महिने लागले, नवऱ्याचे चार दिवसांचे रोज बुडाले. पुन्हा तपासणी झाली तेव्हा आईशी सविस्तर बोलणे झाले, गुण सत्तरच्या बरेच पुढे गेले आणि नव्या कागदावर स्वमग्नता हा शब्द आला. ओळख लागली नाही.

उत्तर मिळाले नाही तर राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय पुण्यातच आहे. नाशिक-नागपूरच्या पालकाला जो प्रवास करावा लागतो तो आपल्याला नाही, याचा फायदा घ्यावा.

काही डॉक्टर मित्र म्हणतात, खोट्या प्रमाणपत्रांचा सुळसुळाट आहे, हात आखडता घेतलेलाच बरा. २०२४ साली पुण्यातील एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला, तेव्हापासून ही भीती वाढली आहे. भीती मला समजते. पण खोट्याला पकडण्याचा उपाय म्हणजे नीट तपासणी, सरसकट कमी आकडा लिहिणे नव्हे. खोटे प्रमाणपत्र काढणाऱ्याला वाट सापडतेच, अडकतो तो चाकणच्या ठेकेदाराकडचा कामगार.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ओंकार गोंड या विद्यार्थ्याच्या प्रकरणात निकाल दिला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडून दिल्लीला गेलेले. वाणीदोषाची टक्केवारी चाळिसाच्या थोडी वर गेली म्हणून त्याला एम.बी.बी.एस.ला अपात्र ठरवले होते. केवळ टक्केवारीवरून प्रवेश नाकारता येणार नाही, ती व्यक्ती अभ्यासक्रम पुरा करू शकते की नाही याचे मत मंडळाने नोंदवले पाहिजे, आणि अपिलाची यंत्रणा उभी होईपर्यंत मंडळाचा निर्णय न्यायालयात तपासता येईल, असे न्यायालयाने म्हटले. विषय स्वमग्नतेचा नव्हता, पण आकड्यापलीकडे माणूस पाहा हे न्यायमूर्तींनी आम्हा डॉक्टरांनाच बजावले आहे.

मिळते काय, याबद्दल मोठ्या आशा ठेवू नयेत. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे दरमहा दीड हजाराचे अडीच हजार करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये झाला, पण उत्पन्नाची अट इतकी खाली आहे, की कंपनीत नोकरी असलेले घर त्यात बहुधा बसत नाही. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही एक लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना मात्र स्वमग्न मुलांसाठी आहे आणि तिच्यातून उपचारपद्धतींचाही खर्च काही प्रमाणात निघतो. ती पुष्कळ पालकांना माहीत नाही. कारखान्यातील लोकांनी आणखी एक पाहावे. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत सभासद वारल्यास पूर्णपणे व कायमचे दिव्यांग असलेल्या मुलाला वयाची अट न लावता पेन्शन मिळते. सगळीच स्वमग्न मुले या व्याख्येत बसणार नाहीत, पण जी बसतील त्यांचे नाव नोंदीत असायला हवे. मूल अठरा वर्षांचे होत आले असेल तर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो, त्यालाही हेच प्रमाणपत्र जोडतात.

आणि मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका. फेरतपासणीत त्यावर शिक्का उमटत नाही.