लव्ह्याची बाजू

आमच्या सेवाग्रामच्या शिवारात हल्ली हुशार कास्तकार कोणाला म्हणतात? ज्याचा धुरा बोडका, त्याला. धुऱ्यावर काडी दिसली की पंप पाठीवर. माझ्या वावराला लागून नाला आहे आणि त्याच्या काठावर छातीइतका लव्हा उभा आहे. तो मी मुद्दाम वाढवला. येणारा-जाणारा विचारते, "काका, एवढं तण ठेवलं काऊन?" एकेकाला उत्तर देऊन थकलो, म्हणून इथं लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे लव्हा हे गवत नाही. काडी बोटांत फिरवून पाहा. गवताची काडी गोल, तिला पेरं असतात. लव्ह्याची काडी तीन धारांची, सरळसोट, मधे पेर नाही. वावरातला मोथा त्याच्याच खानदानातला, आणि त्याच्यामुळे सारं घराणं बदनाम झालं.

मोथ्याच्या बाबतीत मी कोणाला साधुपण शिकवत नाही. पऱ्हाटीत मोथा शिरला की निंदणाची मजुरी घर खाते. बाया पुढं निंदत जातात आणि मागं सुया वर येतात, कारण खाली गाठींची माळ असते. पण ती माळ तोडून वावरभर पेरते कोण? आपलाच रोटाव्हेटर! ग्लायफोसेट पान जाळते, खाली झोपलेली गाठ तशीच राहते, म्हणून पुढच्या साली पुन्हा बाटली. मोथ्याला दोन गोष्टी सोसत नाहीत. गाठ उघडी पडली तर मे महिन्याचं ऊन, आणि पिकाची सावली. उन्हाळ्यात खोल नांगरा, गाठी वर आणा, वाळू द्या, जमतील तेवढ्या वेचा. मग पीक लवकर दाटेल असं पेरा. मेहनत आहे, नाही म्हणत नाही.

आणि गंमत पाहा. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा लागतो. तापासाठी वैद्य जे षडंग पानीय सांगतात त्यातही मुस्ता, म्हणजे मोथाच. शहरातला माणूस या गाठीची पूड पुडीनं विकत घेते, आणि आम्ही तिला जाळायला पैसे मोजतो.

सरकारनं २०२२ च्या ऑक्टोबरात सांगितलं की ग्लायफोसेट फक्त कीड नियंत्रणाच्या परवानावाल्यांनीच फवारावं. असा परवानावाला आमच्या शिवारात मला तरी अजून दिसला नाही. फवारते आपलंच पोट्टं, पायात चप्पल, तोंडाला दुपट्टा. चोर बीटी आल्यापासून तर पिकावरूनच फवारा चालतो, मग धुऱ्याची काय कथा. शेजारच्या यवतमाळात २०१७ मध्ये फवारताना माणसं मेली. ते औषध किडीचं होतं, तणाचं नव्हतं, कबूल. पण पंप तोच आणि दुपट्टाही तोच.

आता नाल्याचं सांगतो, कारण खरं दुखणं तिथं आहे. जलयुक्त शिवाराच्या दिवसांत नाले खोल करायची लाट आली. पाणी मुरावं हा हेतू चांगलाच होता. आमचा नालाही जेसीबीनं खोल केला. काठावरचा लव्हा, शिंदी, कुसळी, सारं खरवडून काठ भिंतीसारखे उभे कापले. फोटो काढायला मंडळी आली. दुसऱ्या पावसाळ्यात माझ्या बाजूचा काठ बैलगाडीच्या रुंदीइतका खाली बसला, तेव्हा कोणी आलं नाही. काळ्या मातीचा स्वभाव ज्याला ठाऊक आहे त्याला हे नवल नाही. वाळली की ती भेगाळते, भिजली की लोण्यासारखी सरकते. तिला बांधून ठेवायला मुळं लागतात, आणि ती मुळं ट्रॉलीत भरून नेली होती.

लव्हा लावणं अवघड नाही. नाल्याच्या वरच्या अंगाला जुना लव्हा राहिला असेल तिथून पहिल्या पावसानंतर मातीसकट गड्डे काढा. पाण्याच्या रेषेवर हात-हात अंतरानं बसवा, पायानं दाबा, वर दगड ठेवा, नाहीतर पहिलाच लोंढा घेऊन जाईल. पहिलं वर्ष गुरं आवरा. दिवाळीनंतर वीतभर ठेवून कापा. होळीच्या सुमारास कोणी काडी लावणार नाही एवढं पाहा. तिसऱ्या पावसाळ्यात गाळ त्याच्या बुडाशी अडकायला लागते.

शेजारी म्हणतात, हा वावरात घुसेल. काठाचा उंच लव्हा पाय ओले असतील तिथंच सुखी. कोरड्या पऱ्हाटीत त्याचं मन लागत नाही. चुकून आलाच एखादा तर खुरप्यानं निघते. रानडुक्कर लपते म्हणतात, ते मात्र खरं. पण काठ बोडका होता तेव्हाही डुक्कर येतच होतं, वावरातला मोथा उकरायला.

बापूकुटी पाहायला येणारे पाहुणे माती-बांबूच्या भिंतींचं लई कौतुक करतात. १९३६ साली गांधीजी इथं आले तेव्हा इथल्याच मालावर घर उभं राहिलं, हे ऐकून डोळे भरतात त्यांचे. मग त्यातलाच एखादा माझ्या काठाकडं पाहून म्हणते, इथं लॉन लावलं तर किती छान दिसेल!

लॉन माझ्याकडं नाही. लव्ह्याचे गड्डे आहेत, फुकट. मृगाचा पाऊस पडला की या. पोतं आपलं आपण आणा, आणि पंप घरी ठेवून या.