बुलेट गाडीला विरोध केला, पुढे काय?

डिसेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडीच्या सरकारने मुंबई–अहमदाबाद बुलेट गाडीचा फेरविचार करण्याचे जाहीर केले, तेव्हा आपल्या वर्तुळात समाधान व्यक्त झाले होते. मुख्यमंत्र्यांनी पुढे या प्रकल्पाला पांढरा हत्ती म्हटले. विरोधी बाकांवरून विकासद्रोहाचा आरोप झाला. अडीच वर्षे हा वाद वृत्तपत्रांतून गाजत राहिला. जून २०२२ मध्ये सरकार गेले आणि नव्या सरकारने अडलेल्या परवानग्या जुलैमध्येच देऊन टाकल्या. या अडीच वर्षांत प्रकल्प रद्द झाला नाही, आणि त्यावरचा एक पैसाही दुसऱ्या कोणत्या रेल्वेमार्गाकडे वळला नाही. उंब्रजच्या बसस्थानकावर मुंबईची गाडी पकडणाऱ्या माथाडी कामगाराला या फेरविचाराने काय दिले, असा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारला नाही. तो विचारण्यासाठीच हे लिहितो आहे.

आधी विषमतेचे माप पाहू. मुंबई–अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरांचा. मोजके थांबे घेऊन तो सुमारे दोन तासांत कापण्याची योजना आहे. कऱ्हाडवरून जाणारी मुंबई–कोल्हापूर कोयना एक्स्प्रेस जवळजवळ तेवढेच अंतर तोडते आणि तिला अकरा तासांहून अधिक वेळ लागतो. रात्रीची सह्याद्री एक्स्प्रेस २०२० मध्ये बंद झाली. २०२३ मध्ये ती परत आली ती पुण्यापर्यंतच. पाटण, कऱ्हाड, जावळी या तालुक्यांनी मुंबईला गिरणी कामगार दिले, माथाडी दिले. अण्णासाहेब पाटील याच मुलखातले. त्या माणसांची गावाकडची रात्रीची गाडी निम्मी तोडली गेली, तेव्हा विकासद्रोहाचा आरोप कोणी कोणावर केल्याचे स्मरत नाही.

कऱ्हाड–चिपळूण मार्गाची कथा याहून बोलकी आहे. देश आणि कोकण जोडणारा, जेमतेम शंभर किलोमीटरांच्या आसपासचा हा मार्ग. सरकारने तो स्वतः न बांधता २०१६ मध्ये खाजगी भागीदारीच्या करारावर सोपवला. भागीदाराला त्यात नफा दिसला नाही, तो बाजूला झाला आणि मार्ग कागदावर राहिला. मुंबई–अहमदाबादसाठी मात्र खाजगी भागीदाराची वाट पाहावी लागली नाही. तेथे सरकारच उभे राहिले. कुठल्या प्रवाशासाठी राज्यसंस्था स्वतः जोखीम पत्करते आणि कुठल्या प्रवाशाला बाजाराच्या दयेवर सोडते, हे याहून स्पष्ट कसे सांगावे? १४ सप्टेंबर २०१७ रोजी बुलेट गाडीची पायाभरणी झाली आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे मेली. हे दोन दिवस शेजारी ठेवले की प्राधान्यक्रमाविषयी फारसे सांगावे लागत नाही.

येथवर आपले सर्वांचे एकमत आहे. पुढचे म्हणणे काही मित्रांना रुचणार नाही.

आपले वक्ते सभेत सांगतात की, १ लाख ८ हजार कोटींत किती शाळा, किती दवाखाने, किती साध्या गाड्या झाल्या असत्या. हा हिशेब चुकीचा आहे आणि प्रतिपक्षाला तो चुकीचा असल्याचे ठाऊक आहे. मूळ अंदाजातील सुमारे ८१ टक्के रक्कम जपानचे कर्ज होते: ०.१ टक्का व्याज, ५० वर्षांची मुदत. ते कर्ज याच कामासाठी, जपानी तंत्रासाठी दिलेले. प्रकल्प थांबला तर तो पैसा मसूर स्थानकात उतरणार नाही. कर्ज शेवटी भारतीय जनतेलाच फेडायचे आहे, ही आपली हरकत रास्तच. परंतु ताबडतोब दुसरीकडे वळवता येण्याजोगा पैसा म्हणजे भागभांडवल. त्यात केंद्राचे १० हजार कोटी, गुजरातचे ५ हजार आणि महाराष्ट्राचे ५ हजार. बारा स्थानकांपैकी आपल्या वाट्याला चार आली, भांडवल मात्र बरोबरीने. पुणे–मिरज–लोंढा हा ४६७ किलोमीटरांचा मार्ग दुहेरी करण्याचा मूळ अंदाज ३,६०० कोटींच्या घरात होता. महाराष्ट्राने एका गाडीसाठी कबूल केलेली रक्कम त्याहून मोठी आहे. भांडण या पाच हजार कोटींवर व्हायला हवे होते. आघाडी सरकारला फेरविचाराचे शब्द सापडले. या रकमेचा पर्यायी विनियोग अर्थसंकल्पात लिहिण्याचे धैर्य मात्र झाले नाही, आणि आपणही तो आग्रह धरला नाही.

केवळ रद्द करण्याने काय साधते, हे इंग्लंडने दाखवले आहे. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधान सुनक यांनी बर्मिंगहॅम–मँचेस्टर या वेगवान मार्गाचा टप्पा रद्द केला. घोषणा केली ती मँचेस्टरमध्येच, आणि तीही एका जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत! वाचलेले ३६ अब्ज पौंड उत्तरेच्या साध्या वाहतुकीला देऊ, असे सांगितले. यादी निघाली तेव्हा तिच्यात पूर्वीच पूर्ण झालेली कामे आढळली, आणि काही रक्कम लंडनच्या रस्त्यांवरचे खड्डे बुजवण्याकडे निघाली. उत्तरेच्या कामगाराची वेगवान गाडीही गेली आणि साधीही आली नाही.

काही सहकारी विचारतील, पालघरच्या प्रश्नाशी साताऱ्याचा संबंध काय? कोयना धरणासाठी आपल्याच डोंगरातली गावे उठली. वीज मुंबईच्या कारखान्यांना गेली, आणि पुनर्वसनाचे दावे नातवंडांच्या पिढीपर्यंत आले. डहाणू–तलासरीच्या आदिवासीची जमीन जाते, तेव्हा त्याच्या जागी आपला आजा उभा होता, एवढे तरी या खोऱ्याने ओळखावे. आपण वेगाचे वैरी नाही. मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ मध्ये दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आली. त्यांनी वातानुकूलित डबे बंद करा, एवढ्यावर भागवले नव्हते.

तेव्हा येत्या निवडणुकीत उंब्रज–मसूर भागातील कार्यकर्त्यांनी बुलेट गाडी हवी की नको, एवढे विचारून थांबू नये. उमेदवाराकडून लेखी घ्यावे: सह्याद्री एक्स्प्रेस मुंबईपर्यंत केव्हा नेणार, कऱ्हाड–चिपळूण मार्ग सरकारी खर्चाने बांधण्यास पाठिंबा देणार की नाही, आणि राज्याच्या पाच हजार कोटींपैकी जे अद्याप द्यायचे असेल त्याचे काय करणार. ग्रामसभांतून हेच तीन ठराव व्हावेत, आणि त्यांच्या प्रती डहाणू–तलासरीच्या ग्रामसभांनाही पाठवाव्यात.