टोपीची साक्ष

दिसतें तसें नसतें, हें आपण मुलांस शिकवितों. परंतु घरांत एखादी जुनी वस्तु निघाली कीं आपणच तें प्रथम विसरतों. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं याचा नुकताच प्रत्यय आला. त्यांचे वडील बंधु नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षें हँबुर्ग येथें होते. त्यांच्या पश्चात् सामानाची वाटणी होत असतां एका पेटींत जर्मन आरमारी अधिकाऱ्याची टोपी निघाली. ती लाखमोलाची आहे असें कोणीं तरी सांगितलें, आणि धाकटा पुतण्या आपल्या वाट्याच्या दागिन्यांऐवजीं ती घेण्यास सिद्ध झाला. "काका, तुम्ही एकदां पाहून सांगा," असा त्याचा आग्रह पडला. आम्ही कांहीं या विषयांतले तज्ज्ञ नव्हों; तथापि जेथें पैठणीची जर पारखली जाते, तेथें ही पारखही अगदींच अवघड नाहीं.

१९३५ ते १९४५ या काळांतील जर्मन आरमारी अधिकाऱ्याची टोपी गडद निळ्या कापडाची असे. तिच्याभोंवतीं काळी पट्टी, पुढें ओकच्या पानांची सोनेरी माळ, माळेंत काळा, पांढरा व तांबडा असा गोल बिल्ला, आणि वर पंख पसरलेला गरुड. त्याच्या पायांत नाझी चिन्ह. कपाळावर पुढें आलेल्या कडेच्या जरीकामावरून हुद्दा कळे. कनिष्ठ अधिकाऱ्यांस झालरीसारखी वळणदार नक्षी, त्यांच्या वरच्यांस कॅप्टनपर्यंत ओकच्या पानांची एक ओळ, आणि ॲडमिरलांस दोन ओळी. मुलकी कारभाराकडील अधिकाऱ्यांचें काम सोनेरी नसून रुपेरी असे. तेव्हां एकाच टोपीवर दोन जातींचें काम आढळल्यास तेथेंच थांबावें.

पांढऱ्या टोपीस बाजारांत विशेष मान आहे, कारण पाणबुडीचे कप्तान ती घालीत. परंतु पांढरें आच्छादन हा आरमारी अधिकाऱ्यांच्या उन्हाळी वेषाचाच भाग होता. केवळ पांढऱ्या रंगावरून कोणी कप्तान ठरत नाहीं.

खरी परीक्षा टोपीच्या आंत आहे. कपाळास लागणारें कातडें घामानें काळवंडलेलें असेल, तर अस्तरही त्याच मानानें झिजलेलें पाहिजे. बाहेरची जर मंदावलेली आणि आंतलें अस्तर कोरें, असें दिसल्यास दोहोंचें वय एक नव्हे. गरुड काढून पुन्हां लावला असल्यास मागील टांके तें सांगतात. धागाही बोलतो. पॉलिएस्टरचा शोध इंग्लंडांत १९४१ सालीं लागला व तें बाजारांत आलें युद्धानंतर; म्हणून मूळ शिवणींत तो धागा निघाला कीं वाद संपला. नोटा तपासण्याचा जंबुपार किरणांचा दिवा घेऊन अंधारांत पाहिलें, तर शुभ्रक द्रव्यें घातलेला अर्वाचीन धागा निळसर चमकतो. मात्र जुनें पांढरें आच्छादन हल्लींच्या साबणपुडीनें धुतलें असल्यास तेंही चमकतें. आणि न चमकणें हा खरेपणाचा पुरावा नव्हेच.

ही सावधगिरी अनाठायीं नाहीं. १९८३ सालीं 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकानें हिटलरच्या रोजनिश्या म्हणून कांहीं वह्या प्रसिद्धीस आणल्या. त्यांसाठीं नव्वद लाखांहून अधिक मार्क मोजले होते. हस्ताक्षरतज्ज्ञांनीं त्या खऱ्या ठरविल्या. पुढें कागदांत युद्धोत्तर काळचें शुभ्रक द्रव्य व बांधणींत पॉलिएस्टर सांपडलें, आणि सारें बिंग फुटलें. त्या लिहिणारा कोनराड कुयाउ हा नाझी काळच्या वस्तूंचाच व्यापारी होता. मौज अशी कीं, हस्ताक्षर ज्या नमुन्यांशीं ताडलें, त्यांतील कांहीं नमुने त्यानेंच बनविलेले होते! म्हणून संशयित टोपी दुसऱ्या बाजारी टोपीशीं न ताडतां संग्रहालयांतील वस्तूंशीं व तत्कालीन छायाचित्रांशींच ताडावी.

आपल्याकडे तर कथांस तोटा नाहीं. १९४३ सालीं नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मन पाणबुडींतून हिंदी महासागरांत आले व तेथें जपानी पाणबुडींत चढले. त्याच वर्षीं मुरगांव बंदरांत आश्रयास असलेलीं जर्मन जहाजें बुडालीं. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण मुरगांवचीं जहाजें मालवाहू होतीं, त्यांवरील अधिकारी आरमाराचे नव्हेत. कथा खरी असली म्हणून टोपी तिच्यांतलीच ठरत नाहीं. मोल टोपीचें करावें, कथेचें नव्हे.

आतां त्या घरच्या टोपीविषयीं. दिव्याखालीं पानांची माळ अंधारीच राहिली; गरुड मात्र चमकला. आंतील कातडें हळूच वळवून पाहतां टांक्यांच्या दोन ओळी दिसल्या: एक जुन्या रिकाम्या छिद्रांची, दुसरी नव्या धाग्याची. टोपी जुनी, गरुड मागाहून बसविलेला. १९४५ सालच्या शरणागतीनंतर १९४८ पर्यंत जर्मन नाविक इंग्रजांच्या हाताखालीं समुद्रांतील सुरुंग काढीत. त्या वेळीं जुन्याच गणवेषावरून नाझी चिन्ह उतरविलेलें असे. या टोपीचेंही तसेंच झालें असावें, आणि पुढें कोणा विक्रेत्यानें किंमत वाढविण्यासाठीं तिजवर पुन्हां पाप चढविलें.

पुतण्याचा चेहरा उतरला. पण दागिने वांचले, आणि पुढें भावांभावांत "तूं जाणूनच दिलीस" हा जो कलह उठता, तोही टळला. घरांतील वडील बाईंनीं मात्र निराळेंच विचारलें: "आपल्या उंबऱ्यावर स्वस्तिक काढतों, मग हें घरांत ठेवावें का?" आपलें स्वस्तिक मंगलाचें, त्या चिन्हाखालीं सुमारें साठ लाख ज्यूंचा संहार झाला. आम्ही इतकेंच सांगितलें कीं, तें मिरवूं नये, लपवूंही नये. शेवटीं टोपी पेटींतच ठेवली, व सोबत एक चिठ्ठी: जुनें काय, नवें काय, आणि तें कशावरून कळलें. पुढच्या पिढीस टोपीपेक्षां ती चिठ्ठीच अधिक उपयोगी पडेल, असें आम्हांस वाटतें.