थांबण्याचा हुकूम कोणी द्यावा?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मोटर, चाके, सेन्सर आणि बॅटऱ्या पारखीत हिंडणाऱ्या हौशी मंडळींत आता केवळ अभियांत्रिकीचे विद्यार्थीच आढळतात असे नाही. सेवानिवृत्त अधिकारी, दंतवैद्य, शाळामास्तर आणि नातवाच्या निमित्ताने स्वतःचीच जुनी हौस भागवून घेणारे आजोबा हेही त्या गर्दीत असतात. घरभर फिरणारा, हाक मारल्यावर जवळ येणारा, औषधाची डबी किंवा पाण्याची बाटली आणून देणारा एखादा यंत्रमानव आपल्या हातून घडावा, ही त्यांची आकांक्षा सर्वस्वी स्तुत्य आहे. मात्र या उद्योगास हात घालताच त्यांना जो प्रश्न प्रथम ग्रासतो तो चाकांचा नसतो, वजनाचा नसतो, किंवा घरातील उंबरठे हे यंत्र कसे ओलांडणार याचाही नसतो (वस्तुतः आपल्याकडील घरांत तोच सर्वांत बिकट). तो असतो प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहावा, पायथॉनमध्ये की सी++मध्ये, हा. या वादात महिनेच्या महिने खर्ची पडतात आणि चाके खोक्यातच राहतात.

माझ्या मते हा प्रश्न क्रमाने दुसरा आहे. पहिला प्रश्न यंत्राच्या अंतर्गत कारभाराचा: कोणत्या निर्णयाचा अखत्यार कोणाकडे असावा, आणि विशेषतः थांबण्याचा हुकूम कोणी द्यावा. त्याचा निवाडा झाला की भाषेची निवड बहुतांशी आपोआप होते.

१९८२ साली अमेरिकेतील हीथकिट कंपनीने हीरो-१ हा यंत्रमानव सुट्या भागांच्या संचरूपाने विक्रीस काढला, तेव्हा हौशी माणसापुढे निवडीचा पेच नव्हताच. चार किलोबाइट स्मृतीच्या त्या यंत्राच्या डोक्यावरच एक लहानसा कळफलक होता आणि त्यावरून आकडे व अक्षरे दाबून यंत्रभाषेतील एकेक आज्ञा भरावी लागे. आज परिस्थिती नेमकी उलट आहे. इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली जन्मलेल्या आर्डुइनोने आणि २०१२ साली केंब्रिजहून अवघ्या पस्तीस डॉलरांना बाजारात आलेल्या रास्पबेरी पायने हौशी माणसाच्या टेबलावर साधनांची अशी विपुलता आणून ठेवली आहे की, दारिद्र्यात जो गोंधळ झाला नसता तो समृद्धीत होतो.

या दोन बोर्डांचा स्वभाव समजून घेतल्यास निम्मा वाद मिटतो. आर्डुइनो उनोवरील चिपचा वेग १६ मेगाहर्ट्झ आणि चालू कामाची स्मृती केवळ २ किलोबाइट. तिला छायाचित्र ओळखता येत नाही, बोलणे समजत नाही, पण सांगितलेले एक काम ती ज्या क्षणी करावयाचे त्याच क्षणी करते. रास्पबेरी पाय हा याउलट पुरता संगणक. त्यावर लिनक्स चालते, कॅमेरा चालतो, भाषण ओळखणारी सॉफ्टवेअर चालतात. मात्र डझनावारी कामे एकाच वेळी सांभाळणारे लिनक्स, कोणाच्या वाट्यास कोणता क्षण द्यावा, हे स्वतःच्या सोयीने ठरवते. हातातील साध्या सर्वो मोटरला दर २० मिलिसेकंदांनी एक ते दोन मिलिसेकंद लांबीचा स्पंद द्यावा लागतो आणि त्या लांबीवरून ती आपला कोन ठरवते. हा स्पंद पायथॉनमधील सामान्य प्रोग्राम लिनक्सवरून देऊ लागला की त्यात सूक्ष्म मागेपुढे होते, यंत्राचा हात कंप पावू लागतो, आणि बिचारा हौशी माणूस मोटर बदलून आणण्यासाठी पुन्हा बाजार गाठतो. हाताचा कंप फार तर पेला सांडील. चाकांचे तसे नाही. सेकंदास अर्धा मीटर या बेताच्या गतीने जाणारे यंत्र, कॅमेऱ्यातील चित्र ओळखण्यात मुख्य बोर्ड गुंतल्यामुळे, दोन दशांश सेकंद उशिरा थांबले तर दहा सेंटिमीटर पुढे गेलेले असते, आणि रांगते मूल व जिन्याची कड यांच्या बाबतीत दहा सेंटिमीटर हे अंतर क्षुल्लक मानता येत नाही.

म्हणून यंत्रमानवाची रचना चांगल्या चालणाऱ्या मामलेदार कचेरीप्रमाणे असावी. विचार, पत्रव्यवहार आणि मसलत वरच्या खोलीत चालावी. परंतु आग लागली असता घंटा वाजविण्यासाठी दरवाजावरील शिपायाला साहेबांच्या सहीची वाट पाहावी लागू नये. लहान बोर्डाकडे मोटर, चाकांच्या फेऱ्या मोजणारे एन्कोडर, धडकेचे स्विच आणि कड ओळखणारे सेन्सर असावेत; मोठ्या बोर्डाकडे पाहणे, ऐकणे आणि कोठे जायचे ते ठरविणे असावे. वरून अर्ध्या सेकंदापर्यंत कोणतीही आज्ञा आली नाही तर खालच्याने मोटर बंद कराव्यात, आणि वरची आज्ञा पुढे जाण्याची असली तरी समोर कड दिसताच ती नाकारण्याचा अधिकार त्यास असावा. याखेरीज मोटरचा वीजपुरवठाच तोडणारे एक लाल बटण, ज्याच्या मार्गात एकही प्रोग्राम येत नाही असे, यंत्राच्या पाठीवर असलेच पाहिजे. अशी विभागणी झाली की खाली सी++चा, पडद्यावर एका दृष्टिक्षेपात वाचून होईल इतका आटोपशीर कोड राहतो आणि वर ऐसपैस पायथॉन नांदतो. वादातील दोन्ही पक्ष आपापल्या महालात बरोबर ठरतात. दोन बोर्डांमधील केबलचा आणि संदेशांच्या देवघेवीचा व्याप वाढतो, ही तक्रार मला मान्य आहे. तो व्याप पत्करावा.

ही कल्पना माझी नव्हे. एमआयटीतील रॉडनी ब्रूक्स यांनी १९८६ साली प्रतिपादन केले की, यंत्राने आधी जगाचा संपूर्ण नकाशा मनात रचावा आणि मग हालचाल करावी हा क्रम सोडून, न धडकण्याची साधी प्रवृत्ती तळाशी स्वतंत्रपणे चालू ठेवावी आणि तिच्यावर भटकणे, शोधणे असे थर चढवीत जावे. त्यांच्याच सहभागाने स्थापन झालेल्या आयरोबोट कंपनीचा रूम्बा हा केर काढणारा यंत्रमानव २००२ साली बाजारात आला. तो बोलत नव्हता, कोणास ओळखत नव्हता. पण घराघरांत टिकला, हे बोलक्या यंत्रमानवांच्या निर्मात्यांना फारसे साधलेले नाही.

आता रोबोट ऑपरेटिंग सिस्टिमविषयी, म्हणजे ज्यास सगळे ‘रॉस’ म्हणतात त्याविषयी. नकाशा रचणे, त्यावर स्वतःचे स्थान ओळखणे आणि अडथळे चुकवून मार्ग काढणे ही कामे हवी असतील तर त्याच्या तोडीचे मोफत साधन मला दिसत नाही. तथापि पहिलीच चाके फिरविणाऱ्याने त्याच्या वाटेस जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. एक दिवा पेटविण्यासाठी त्यात जेवढी परिभाषा शिकावी लागते तेवढ्यात माणसाचा उत्साह मावळतो. ज्याने जावे त्याने रॉस २ घ्यावे, कारण जुन्या मालिकेतील अखेरच्या आवृत्तीची देखभाल मे २०२५ मध्ये संपली आहे, जरी शिकवणीचे पुष्कळसे साहित्य अद्यापि तिचेच आढळते.

अखत्याराचा प्रश्न यंत्राच्या कवचापाशी संपत नाही. २०१४ साली लोकवर्गणीतून लाखो डॉलर जमवून घोषित झालेला जिबो हा घरगुती यंत्रमानव २०१७ मध्ये लोकांच्या हाती आला. २०१९ च्या पूर्वार्धात, आपले दूरस्थ सर्व्हर बंद होणार असल्याचे त्या यंत्राने आपल्याच तोंडाने मालकांस सांगितले आणि निरोप घेतला. शरीर घरात, मोटर शाबूत, आणि बुद्धी परक्याच्या दप्तरी! मायक्रोसॉफ्टने २००६ साली यंत्रमानवांसाठी मोठा गाजावाजा करून स्वतंत्र प्रोग्रामिंग साधन काढले आणि प्रत्येक घरी यंत्रमानव येईल असे बिल गेट्स यांनी लिहिले. त्या साधनाची शेवटची मुख्य आवृत्ती २०१२ ची. याच्या शेजारी रॉसची हकिकत ठेवून पाहावी. ज्या विलो गॅरेज संस्थेत ते वाढले ती २०१४ साली बंद पडली. पण मूळ कोड मुक्त परवान्याने सर्वांस खुला असल्यामुळे तो दुसऱ्या संस्थेने पुढे चालविला. तेव्हा एखादे साधन किती चकचकीत आहे यापेक्षा त्याचे जन्मदाते उद्या नाहीसे झाल्यास माझे यंत्र चालेल काय, हे हौशी माणसाने आधी विचारावे. सध्या तर कोडच दूरस्थ कृत्रिम बुद्धीकडून लिहवून घेण्याची सोय झाली आहे आणि मी तिचा विरोधक नाही. मात्र थांबण्याचा भाग तरी ज्याचा त्याने ओळ न् ओळ समजून घेतलेला असावा.

आपल्या भाषेच्या दृष्टीने या मुद्द्यास वेगळे महत्त्व आहे. २०२२ साली खुले झालेले व्हिस्पर हे भाषण ओळखणारे साधन मराठी जाणते, आणि मद्रास आयआयटीतील एआय४भारत या गटानेही मराठीसह भारतीय भाषांसाठी खुली साधने दिली आहेत. ती इंटरनेटविना घरच्या संगणकावर चालविता येतात, त्यामुळे आजीचे बोलणे घराबाहेर जात नाही. ‘किचनमधला लाइट बंद कर रे’ अशी धेडगुजरी वाक्ये, पंख्याचा आवाज आणि कुकरच्या शिट्ट्या यांत त्यांची तारांबळ उडते हे खरे. पण साधन खुले असल्याने घरातील वीस-पंचवीस नेहमीच्या आज्ञांपुरती दुरुस्ती हौशी माणूस स्वतः करू शकतो, आणि जी आज्ञा नीट समजली नाही ती न पाळता पुन्हा विचारावी, एवढा नियम यंत्रास घालून देऊ शकतो.

महाविद्यालयांच्या प्रदर्शनांत आणि शालेय प्रयोगशाळांत आता असे यंत्रमानव दर वर्षी मांडले जातात आणि परीक्षक तो काय बोलतो, कसा हसतो, हात कसा हलवितो हे पाहून गुण देतात. माझी सूचना अशी की, यंत्र चालू असताना परीक्षकांनी वरच्या बोर्डाची केबल स्वतः उपसून काढावी, मोटर किती वेळात थांबतात ते घड्याळावर पाहावे, आणि त्यानंतरच कोड कोणत्या भाषेत लिहिला आहे याची चौकशी करावी.