‘एक कोयता’ म्हणजे किती माणसे?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लिहिणे म्हणजे लष्कराच्या भाकरी भाजणे, असे आमच्या वर्गातील काही मित्रांचे मत पडले. माझे मत नेमके उलट आहे. प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह, सातबारा, यांपैकी बहुतेक कामे आज वेब ॲप्लिकेशनवाचून होत नाहीत. आणि ही ॲप्लिकेशने बांधण्याच्या ज्या नव्या पद्धतींविषयी मी गेले वर्षभर वाचतो आहे, त्यांचा गाभा यंत्रात नाही, भाषेत आहे. मग भाषा शिकणाऱ्यांनीच बाजूला का बसावे?

प्रथम ‘मॉडेल’ या शब्दाविषयी. घर बांधण्यापूर्वी नकाशा काढतात, तसा संगणकप्रणालीपूर्वी आराखडा काढतात. त्यालाच मॉडेल म्हणावयाचे. हा आराखडा कशाचा? तर आपल्याच जगाचा! त्यात माणसे कोणती, वस्तू कोणत्या आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, हे त्यात मांडलेले असते. आय.बी.एम.मध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती तक्त्यांच्या रूपाने मांडण्याची कल्पना दिली. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांचे संबंध आकृतीने दाखविण्याची रीत घालून दिली. पुढे वेबसाइटी आल्या, तेव्हा वाचक कोणत्या पानावरून कोणत्या पानावर जाईल हेही आराखड्यात येणे भाग पडले. त्यासाठी इटलीत मिलानच्या तंत्रविद्यापीठात स्तेफानो चेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास ‘वेबएमएल’ नावाची चित्रभाषा तयार केली. इतिहास मोठा आहे, पण मला त्यातून एकच गोष्ट दाखवावयाची आहे. या पद्धतींत मुख्य भर नामांवर असतो. विद्यार्थी, पुस्तक, मजूर, मजुरी अशी नामे शोधावयाची आणि नामाला तक्ता व त्याच्या गुणाला रकाना द्यावयाचा.

ही नामे आणावयाची कोठून? येथे एरिक इव्हान्स यांचे २००३ साली प्रसिद्ध झालेले ‘डोमेन-ड्रिव्हन डिझाइन’ हे पुस्तक महत्त्वाचे ठरते. ज्यांचे काम संगणकावर आणावयाचे ते लोक आणि प्रोग्रॅमर यांनी मिळून एकच बोली ठरवावी, बैठकीत तीच बोलावी आणि प्रोग्रॅममध्येही तेच शब्द यावेत, असा त्यांचा आग्रह आहे. बैठकीतला शब्द एक आणि प्रोग्रॅममधला भलताच, असे झाले की मधल्या भाषांतरात अर्थ गळतो. हे वाचले तेव्हा मला आमच्या भाषाविज्ञानाच्या तासाची आठवण झाली.

आता माझ्या घरचे उदाहरण देतो. महाविद्यालयाची पायरी चढणारा मी आमच्या घरातला पहिलाच. आईवडील दरवर्षी हंगामाला ऊसतोडीस जातात. त्यांना मुकादमाकडून उचल मिळते, ती माणशी नव्हे, कोयत्यामागे ठरते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर तो ‘अर्धा कोयता’. शहरात बसून आराखडा करणारा गृहस्थ ‘मजूर’ नावाचा तक्ता करील आणि त्यात नाव, वय, मजुरी असे रकाने पाडील. माझ्या आईच्या नावापुढे मजुरीचा कोणता आकडा घालणार? तिला वेगळी मजुरीच नाही! फडावर अर्धा तास बसला असता तर त्याला कळले असते की येथे मोजण्याचे एकक माणूस नसून कोयता आहे.

परंतु इव्हान्ससाहेबांच्या म्हणण्याला माझी येथे एक पुरवणी आहे. समजा, त्याने लोकांची बोली जशीच्या तशी उचलली आणि ‘कोयता’ हाच तक्ता केला. मग काय होईल? कोयत्याचा हिशेब मुकादम पुरुषाशी करतो. म्हणजे आई आधी फडावर वडिलांच्या मागे होती, ती आता संगणकातून पार नाहीशी होईल. पहिल्या आराखड्यात ती होती, पण मजुरीवाचून. दुसऱ्यात मजुरी आहे, पण ती नाही. म्हणून ‘कोयता’ हा शब्द घ्यावा आणि त्याच्या आत दोन माणसे नावानिशी लिहावीत, असे माझे मत आहे. तसे करावयाचे की नाही, याचे उत्तर कोणतेही यंत्र देणार नाही. ते कोणीतरी माणूसच देतो. बहुधा घाईत, आणि आपल्याला न विचारता. एका ऑनलाइन अर्जात आईच्या व्यवसायाला तीनच पर्याय होते: नोकरी, व्यापार, गृहिणी. पहाटे चारला उठून मोळ्या बांधणारी माझी आई त्या अर्जात गृहिणी झाली.

दुसरी नवी पद्धत मला याहूनही आवडली. अल्बर्टो ब्रांदोलिनी या इटालियन प्रोग्रॅमरने ती ‘इव्हेंट स्टॉर्मिंग’ या नावाने रूढ केली. भिंतीवर लांबच लांब कागद लावावयाचा आणि जाणकारांनी व प्रोग्रॅमरांनी एकत्र उभे राहून नारिंगी चिठ्ठ्यांवर फक्त घडलेल्या घटना लिहावयाच्या, त्याही भूतकाळात. ‘उचल घेतली.’ ‘टोळी निघाली.’ ‘मोळी बांधली.’ ‘गाडी भरली.’ ‘काट्यावर वजन झाले.’ ‘खाडा पडला.’ ‘हिशेब झाला.’ म्हणजे नामांऐवजी क्रियापदांपासून आरंभ! सही करताना हात थरथरणारा माणूससुद्धा या भिंतीपाशी तज्ज्ञ ठरतो. त्याची चिठ्ठी दुसऱ्याने लिहिली तरी चालते. गंमत अशी की ‘खाडा पडला’ या चिठ्ठीपाशी लगेच प्रश्न निघतो: कोणाचा? आजारी पडली आई, मग खाडा कोयत्याचा की तिचा? तक्त्यांच्या आकृतीत हा प्रश्न सहज झाकून जातो.

विज्ञान शाखेतील माझा एक मित्र म्हणतो की घरोघरची बोली ऐकत बसलो तर काम कधी व्हावयाचे? आक्षेप रास्त आहे. चौकटी लागणारच, चौकटींवाचून यादीही होत नाही. परंतु एका शब्दाला सगळीकडे एकच अर्थ असला पाहिजे, हा हट्टही आता कोणी धरीत नाही. ग्रंथालयाचा ‘विद्यार्थी’ म्हणजे पुस्तके नेणारा, परीक्षा विभागाचा म्हणजे बैठक क्रमांक, वसतिगृहाचा म्हणजे खाट. इव्हान्स सांगतात, प्रत्येक अर्थाला त्याची हद्द आखून द्या आणि हद्दींमधील देवघेव स्पष्ट लिहा.

शिवाय चौकटी बदलतात. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम आला. आता एकाच घरात थोरल्याचे नाव तीन शब्दांचे आणि धाकटीचे चार शब्दांचे असू शकेल, आणि दोघेही एकाच शिधापत्रिकेवर! ‘मधले नाव’ असा एक रकाना धरून बसलेल्या प्रणालीची येथे त्रेधा उडणार हे उघड आहे.

आज साध्या भाषेत वर्णन दिले तर संगणकच प्रोग्रॅम लिहून देतो. म्हणजे वर्णन नेमके करणाऱ्याची गरज वाढली. मराठीच्या आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दुसरे काय शिकवतात?

आपल्या महाविद्यालयाच्या वसतिगृहाचे अर्ज पुढील वर्षापासून ऑनलाइन होणार असल्याचे ऐकतो. मित्रहो, त्याआधी भोजनगृहाच्या भिंतीवर एक दुपार कागद लावू या. प्राध्यापक, कार्यालयातील मंडळी, स्वयंपाकाच्या मावशी, सर्वांनी यावे. दिवस दिवाळीपूर्वीचा असावा, म्हणजे आमच्यापैकी काहींचे पालकही येऊ शकतील. पहिली चिठ्ठी मी आताच सांगून ठेवतो: ‘पालकांची सही घेतली.’ डिसेंबरात, गावाला कुलूप असताना, ती कोठून घेतली, ते त्याखाली लिहावयाचे आहे.